कॉलेजांनी मिळून एकच कोहा चालवायचं असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच शिक्षण संस्थेची किंवा एकाच शहरातली चार-सहा महाविद्यालयं मिळून ग्रंथालयाचं एकच मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असं) सॉफ्टवेअर चालवू शकतात का? ग्रंथपालांकडून याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कोहाला धरून दिली आहेत, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत मुक्तस्रोत म्हटलं की बहुधा कोहाचंच नाव निघतं. ज्यांचा निर्णय झालेला आहे त्यांनी थेट प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल. खरी मेहनत तिथे सुरू होते.

१. कोहा म्हणजे काय? ते खरंच फुकट मिळतं का?

कोहा ही देवघेव, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं), ग्रंथखरेदी, नियतकालिकं आणि वाचकांसाठीचा ऑनलाइन शोध असं सगळं सांभाळणारी ग्रंथालय प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल लागताच अडखळणार होती. तेव्हा त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्सकडून ही नवी प्रणाली लिहून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू झाली आणि जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. त्यांच्या शाखा दूरदूर होत्या आणि फोनच्या साध्या लाइनवर काम भागवायचं होतं, म्हणून ती पहिल्यापासून ब्राउझरवर चालणारी होती. अनेक शाखा आणि एक डेटाबेस ही कल्पना तिच्यात मुळापासून आहे.

परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर, तो सांभाळणारा माणूस, प्रशिक्षण आणि बॅकअप यांचे लागतात. ‘फुकट आहे’ एवढंच सांगून प्राचार्यांची सही घेऊ नका. वर्षभरात देखभालीची तरतूद मागायला पुन्हा त्यांच्याच केबिनमध्ये जावं लागतं. खर्चाच्या वाटणीसाठी प्रश्न १३ पाहा.

२. आमच्याकडे सोल किंवा दुसरं सॉफ्टवेअर नीट चालू आहे. तरी बदलायचं का?

तुमचं एकट्याचं ग्रंथालय नीट चालत असेल आणि शेजारच्या कॉलेजशी काही वाटून घ्यायचं नसेल, तर घाई करू नका. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं चाललं आहे आणि त्यात भरलेला डेटा मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतो, त्यामुळे उशिरा बदललं म्हणून काही हातचं जात नाही.

पाच कॉलेजांचे विद्यार्थी एकमेकांची पुस्तकं शोधणार असतील, एकच पुस्तक पाच ठिकाणी पाच वेळा तालिकेत चढत असेल, किंवा दोन कॉलेजांत ग्रंथपालाची जागा रिकामी असून काम लिपिकावर आलं असेल, तर मात्र एकत्र येण्याचा फायदा लगेच दिसतो. महाराष्ट्रातल्या समूह विद्यापीठांपुढे (अनेक कॉलेजं मिळून झालेल्या विद्यापीठांपुढे) हा प्रश्न थेट उभा आहे. २०१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशी जुनी कॉलेजं आली. प्रत्येकाचा संग्रह स्वतंत्रपणे वाढलेला, आणि विद्यार्थी मात्र आता एकाच विद्यापीठाचे.

३. ‘एकत्र’ म्हणजे नेमकं किती एकत्र?

याचं उत्तर पहिल्याच बैठकीत ठरवा. मार्ग तीन आहेत.

पहिल्यात सर्व्हर एक असतो, पण प्रत्येक कॉलेजचा कोहा वेगळा. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या एकाच यंत्रावर असे अनेक कोहा शेजारी शेजारी चालतात. खर्च आणि देखभाल वाटली जाते, डेटा मात्र अजिबात मिसळत नाही.

दुसऱ्यात कोहा एकच आणि प्रत्येक कॉलेज ही त्यातली एक शाखा. ग्रंथनोंद सगळ्यांची मिळून एक, तिच्याखाली प्रती ज्याच्या त्याच्या. सहकार्य म्हणतात ते हेच, आणि पुढचे बहुतेक प्रश्न याच मार्गाचे आहेत.

तिसऱ्यात प्रत्येकाची प्रणाली वेगळी राहते, फक्त शोध सामाईक होतो. कोहा ओएआय-पीएमएच पद्धतीने आपल्या नोंदी बाहेर देतो. व्हूफाइंडसारखं मुक्तस्रोत शोधसॉफ्टवेअर त्या गोळा करून एकाच पानावर दाखवतं. एखादं कॉलेज दुसरं सॉफ्टवेअर सोडायला तयार नसेल आणि तेही नोंदी बाहेर देत असेल, तर हा मार्ग चांगला.

आमचं मत विचाराल तर एकाच संस्थेच्या कॉलेजांनी दुसरा मार्ग घ्यावा आणि वेगवेगळ्या संस्थांच्या कॉलेजांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी. व्यवस्थापनं वेगळी असताना पहिल्या दिवशी डेटाबेस एक केला, की पहिला वाद होतो तो अधिकारांवरून.

४. हे आधी कोणी केलं आहे का?

पुष्कळांनी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी स्वतःच्या सामाईक जाळ्यासाठी एव्हरग्रीन ही प्रणाली लिहून घेतली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ती सुरू केली. ती खास संघासाठीच घडवलेली आहे. विद्यापीठ ग्रंथालयांनी २००८ पासून मेलन फाउंडेशनच्या मदतीने कुआली ओएलई हा प्रकल्प हाती घेतला. शिकागो आणि लीहाय विद्यापीठांनी २०१४ मध्ये तो प्रत्यक्ष वापरात आणला, पण प्रकल्प फार ग्रंथालयांपर्यंत पोचला नाही. तिथली मंडळी आणि अनुभव पुढे २०१६ मध्ये सुरू झालेल्या फोलिओकडे गेले. स्वीडनमधलं चाल्मर्स तंत्र विद्यापीठ २०१९ मध्ये फोलिओवर जाणारं पहिलं ठरलं, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही फोलिओची निवड जाहीर केली.

कुआली ओएलईची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. प्रकल्प थांबला तरी त्यावर काम केलेली ग्रंथालयं वाऱ्यावर पडली नाहीत, कारण कोड आणि डेटा दोन्ही त्यांच्याच हातात होते.

५. मग आपणही फोलिओच का घेऊ नये?

फोलिओ अनेक लहान सेवांचा मिळून बनतो आणि तो चालवायला चांगली तांत्रिक टीम लागते. ई-संसाधनांचा मोठा पसारा असलेल्या विद्यापीठाला तो शोभतो. तीस-चाळीस हजार छापील पुस्तकं आणि एक संगणक सहायक असलेल्या कॉलेजला कोहा सोपा पडतो. शिवाय कोहा चालवता येणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणीही सापडतो, ही फार मोठी गोष्ट आहे.

६. प्रत्येक कॉलेजचा दाखल क्रमांक १ पासून सुरू होतो. एकाच कोहात ते कसे बसणार?

सर्वांत जास्त पत्रं या प्रश्नाची येतात, आणि एकत्रीकरण अडतं तेही इथेच. कोहात बारकोड संपूर्ण प्रणालीत एकमेव असावा लागतो. बहुतेक कॉलेजांत बारकोड म्हणजे दाखल क्रमांकच, म्हणजे पुस्तक आल्यावर नोंदवहीत त्याला मिळालेला क्रमांक, असतो. त्यामुळे वाणिज्य कॉलेजचं ४५१२ आणि विज्ञान कॉलेजचं ४५१२ यांतलं दुसरं आत येतच नाही. त्यात काही ठिकाणी ज्युनिअर आणि सीनिअरची दाखल नोंदवही वेगळी, पुस्तकपेढीची वेगळी, अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांची आणखी वेगळी. म्हणजे एकाच कॉलेजात ४५१२ तीनदा निघू शकतो.

उपाय असा: प्रत्येक कॉलेजला आणि गरज असेल तर प्रत्येक नोंदवहीला रोमन लिपीतलं दोन-तीन अक्षरी संक्षिप्त रूप द्या. ते बारकोडच्या आधी लावा आणि क्रमांक ठरावीक अंकसंख्येत शून्यं भरून लिहा. नोंदवहीतला मूळ क्रमांक जसाच्या तसा मार्क नोंदीतल्या ९५२ या प्रतींच्या क्षेत्राच्या ‘आय’ या उपक्षेत्रात ठेवा. ऑडिटला तोच दाखवायचा असतो. प्रती एकमेव आहेत का हे तपासणाऱ्या सेटिंगमध्ये मात्र हे उपक्षेत्र घालू नका, नाहीतर तीच अडचण मागच्या दाराने परत येते.

७. पण जुन्या स्टिकरवर नुसता आकडा आहे. हजारो स्टिकर बदलायचे का?

स्कॅनरमध्येच कॉलेजचं संक्षिप्त रूप आपोआप जोडण्याची सोय असते. ती वापरली तर स्वतःच्या पुस्तकांपुरतं काम चालतं. मात्र दुसऱ्या कॉलेजचं जुन्या स्टिकरचं पुस्तक तुमच्या टेबलावर आलं, की तुमचा स्कॅनर त्यालाही तुमचंच संक्षिप्त रूप लावतो आणि पडद्यावर भलतंच पुस्तक उघडतं. चूक दाखवणारा संदेशही येत नाही, कारण तो क्रमांक खरोखर अस्तित्वात असतो. म्हणून जी पुस्तकं कॉलेजबाहेर जाणार त्यांचे स्टिकर आधी बदला. संदर्भग्रंथ आणि वर्षानुवर्षं कपाटातून न हललेली पुस्तकं मागाहून, साठा तपासणीच्या वेळी करा.

८. एकाच पुस्तकाच्या पाच कॉलेजांच्या पाच नोंदी एक कशा करायच्या?

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेल्या पुस्तकांचं काम बरंचसं यंत्र करतं. मार्क नोंदी आत घेताना आयएसबीएन जुळवण्याचा नियम लावा आणि ‘नोंद जुळली तर फक्त प्रती जोड’ हा पर्याय निवडा. सर्वांत चांगल्या तालिकेचं कॉलेज सर्वांत आधी आत घ्या. त्याच्याच नोंदी पुढे सगळ्यांच्या होतात, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा आहे.

जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो. तिथे शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि पानं बघून माणसालाच ठरवावं लागतं. वेगळी आवृत्ती म्हणजे वेगळी नोंद, पुनर्मुद्रण म्हणजे बहुधा तीच नोंद. हा नियम लिहून ठेवा. पाच तालिकाकार पाच तऱ्हेने ठरवायला लागले तर नोंदी कधीच एक होत नाहीत.

लेखकाच्या नावाचंही तेच. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी ही एकाच माणसाची नावं आहेत, आणि तिन्ही नावांनी शोधणारे वाचक आहेत. अधिकृत नावांची यादी सामाईक ठेवून तिथे एकदाच तिन्ही जोडली, की पाचही कॉलेजांचा शोध सुधारतो. एकट्या ग्रंथालयाला या कामाला कधी वेळ मिळत नाही. मिळून केलं की तेच काम पाचांत वाटलं जातं, आणि आम्हाला तरी एकत्र येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच वाटतं.

९. मराठी पुस्तकं देवनागरीत नोंदवायची की रोमनमध्ये?

देवनागरीत, मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर जसं छापलं आहे तसंच. रोमनमध्ये टंकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रोमन रूप २४६ क्षेत्रात पर्यायी शीर्षक म्हणून द्या. जुन्या छपाईत ‘कांही’, ‘नाहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात. ते १९६२ च्या लेखननियमांनी गेले, त्यामुळे आजचा विद्यार्थी तसं शोधणार नाही. अशा शीर्षकाचं आजच्या लेखनातलं रूपही २४६ मध्ये घाला.

दोन तांत्रिक गोष्टी सुरुवातीलाच करून घ्या. पहिली, कोहाचं झेब्रा हे शोधयंत्र आयसीयू या, वेगवेगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीवर लावा. मूळ मांडणी रोमन लिपीचा विचार करून केलेली आहे आणि तिच्यावर देवनागरीचा शोध भरवशाचा राहत नाही. दुसरी, एकच अक्षर दोन तऱ्हांनी टंकलं जातं. ‘दुसऱ्या’तला अर्धा र काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ पासून करतात, तर काही साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’चंही तसंच आहे. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. सगळ्या कॉलेजांत एकच कीबोर्ड मांडणी ठेवा आणि जुना डेटा आत घेण्याआधी ही अक्षरं एकसारखी करून घ्या.

१०. आमचा जुना डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहे. तो जातो का?

जातो, पण आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. प्रत्येक जुन्या फॉन्टची अक्षरमांडणी वेगळी असते, म्हणून कोणता फॉन्ट होता हे नक्की माहीत करून घ्या. मराठी आणि इंग्रजी एकाच रकान्यात मिसळलं असेल तर बदलताना इंग्रजीचाही चुराडा होतो. अशा ओळी आधी वेगळ्या काढा. बदललेल्या डेटातली जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घातल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नका.

११. आमचे देवघेवीचे नियम वेगळे आहेत. सगळ्यांना एकच नियम लागेल का?

नाही. मुदत, पुस्तकांची संख्या आणि दंड हे शाखा, वाचकाचा प्रकार आणि पुस्तकाचा प्रकार या तिन्हींनुसार वेगवेगळे ठरवता येतात. सुट्ट्यांचं कॅलेंडरही प्रत्येक शाखेचं वेगळं असतं. पुस्तकपेढीसाठी वेगळा पुस्तकप्रकार करून सत्रभराची मुदत द्या.

वाचकप्रकारांची आणि पुस्तकप्रकारांची यादी मात्र सगळ्यांची एक असते. प्रत्येक कॉलेजने आपापले पंधरा प्रकार आणले तर नियमांचा तक्ता कोणालाच वाचता येणार नाही. यादी लहान ठेवा.

१२. दुसऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने पुस्तक नेलं आणि परतच केलं नाही तर?

पुस्तक नेहमी मूळ कॉलेजच्या मालकीचंच राहतं. प्रतीच्या नोंदीत मूळ शाखा आणि सध्याची शाखा वेगळ्या लिहिलेल्या असतात. परत कुठे करता येईल हेही ठरवता येतं: कोणत्याही शाखेत, किंवा फक्त मूळ शाखेत. दुसरीकडे परत आलं की कोहा ते ‘वाटेत’ दाखवतो. पण ते पिशवीत घालून नेणारा माणूस तुम्हालाच नेमावा लागतो. आठवड्यातून दोन ठरलेले वार पुरेसे होतात.

वसुलीसाठी सर्वांत उपयोगी पडतो तो ‘नो ड्यूज’, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला. विद्यार्थ्याच्या खात्यावर कोणत्याही शाखेचं पुस्तक बाकी असेल तर त्याच्या कॉलेजने दाखला द्यायचा नाही, असं करारात लिहून घ्या. हरवलेल्या पुस्तकाची किंमत ज्याचं पुस्तक त्या कॉलेजला जाते. उशिराचा दंड जिथे भरला तिथेच राहू द्या. चार-पाच रुपयांचे हिशेब कॉलेजाकॉलेजात फिरवण्यात वेळ घालवू नये.

१३. खर्च कसा वाटायचा?

पुस्तकांच्या संख्येवर वाटला तर मोठा जुना संग्रह असलेल्या कॉलेजला दुहेरी भुर्दंड पडतो, कारण इतरांना पुस्तकं देणारं तेच असतं. आमच्या मते निम्मा खर्च सगळ्यांत समान आणि निम्मा विद्यार्थिसंख्येवर वाटावा. ज्या कॉलेजचा माणूस सर्व्हर सांभाळतो त्याच्या वेळेचंही मोल धरा. ते धरलं नाही तर त्या माणसाची बदली होताच सगळं अडतं.

१४. आमच्या विद्यार्थ्यांची माहिती दुसऱ्या कॉलेजला दिसेल का? आमच्या नोंदी कोणी बदलेल का?

‘इंडिपेंडंट ब्रँचेस’ हे सेटिंग लावलं की एका शाखेचा कर्मचारी दुसऱ्या शाखेच्या प्रती आणि वाचक बदलू शकत नाही. शाखांचे गट करून वाचकांची माहिती गटापुरती मर्यादित ठेवण्याची सोयही आहे. विद्यार्थ्यांचे फोन, पत्ते आणि कोण काय वाचतं हा तपशील जपण्याची जबाबदारी २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे आणखी गंभीर झाली आहे. परत आलेल्या पुस्तकांचा वाचनइतिहास ठरावीक काळाने निनावी करून टाका.

दोन कुलुपं मात्र या सेटिंगने लागत नाहीत. एक, ग्रंथनोंद सगळ्यांची सामाईक असते, त्यामुळे तालिकीकरणाचा अधिकार असलेला कोणीही ती बदलू शकतो. हा अधिकार मोजक्या, प्रशिक्षित लोकांनाच द्या. दोन, ‘सुपरलायब्रेरियन’ला कुठलंच बंधन नसतं. तो अधिकार दोघांपेक्षा जास्त जणांना नको आणि रोजच्या देवघेवीच्या लॉगिनला तर कधीच नको.

१५. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) भेटीत आमचं ग्रंथालय स्वयंचलित आहे असं स्वतंत्रपणे दाखवता येईल का?

येईल. अहवाल शाखेनुसार निघतात: प्रती, देवघेव, वर्षभराची खरेदी. कॉलेजचा स्वतःचा पत्ता आणि स्वतःचं रूप असलेलं, फक्त आपल्याच प्रती दाखवणारं शोधपानही त्याच कोहातून करता येतं. सामाईक कराराची प्रत फाइलला लावा.

१६. नवीन आवृत्ती कधी घ्यायची? इंटरनेट गेलं तर काय?

कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, दुरुस्त्या दरमहा येतात. मोठी आवृत्ती आली की काही महिने दुरुस्त्या जमू द्या आणि पुढच्या मोठ्या सुटीत बदला. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत कधीच नको, कारण बदल सगळ्या कॉलेजांना एकाच क्षणी लागू होतो. आधी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून तिथे चालवून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

इंटरनेट गेलं तर कार्ड क्रमांक आणि बारकोड वहीत लिहा, नंतर भरा. परतीची मागची तारीख टाकण्याची सोय चालू ठेवा, म्हणजे विद्यार्थ्याला विनाकारण दंड लागत नाही.

१७. बसवून देणारी कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर?

कोहाच्या जगात हे घडून गेलं आहे. लिबलाइम ही अमेरिकेतली कोहाची मोठी सेवा कंपनी २०१० मध्ये पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीने घेतली. कोहाच्या नावाच्या हक्कावरून न्यूझीलंडमध्ये वादही झाला. ग्रंथालयांनी आणि विकसकांनी स्वतंत्र संकेतस्थळ उभारून काम पुढे नेलं, आणि आज जो कोहा आपण वापरतो तो त्याच समुदायाचा आहे. तुमच्यापुरती काळजी एवढीच: सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, डोमेनचं नाव आणि रोजचा बॅकअप कॉलेजांच्या ताब्यात हवा.

१८. एखाद्या कॉलेजला बाहेर पडायचं असेल तर त्याचा डेटा सुटा होतो का?

होतो. शाखा निवडून ग्रंथनोंदी प्रतींसह मार्क स्वरूपात बाहेर काढता येतात आणि वाचकांची यादी अहवालातून. देवघेवीचा जुना इतिहास काढायला डेटाबेसचा जाणकार लागतो. सामाईक ग्रंथनोंद दोघांकडेही राहते, ती कोणी परत मागू शकत नाही. बाहेर पडण्याची पूर्वसूचना किती महिन्यांची, डेटा कोण काढून देणार आणि उधार पुस्तकं कधीपर्यंत परत यायची, हे पहिल्याच करारात असू द्या. सगळे आनंदात असताना हे कलम लिहायला पाच मिनिटं लागतात.

१९. एकच विद्यार्थी दोन कॉलेजांत असेल तर? उदाहरणार्थ, सकाळी विधी महाविद्यालय आणि संध्याकाळी पदविका?

खातं एकच ठेवा. कार्ड क्रमांक सगळ्या प्रणालीत एकमेव असल्यामुळे रोल नंबर नुसता वापरू नका, तोही प्रश्न ६ सारखाच अडकतो. विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) दोन्ही ठिकाणी तोच असेल तर तो चांगला, नाहीतर संस्थेने स्वतःचा क्रमांक द्यावा. ज्या कॉलेजला ‘नो ड्यूज’ द्यायचा मुख्य अधिकार ते त्याची मूळ शाखा. दुसऱ्या कॉलेजचं नाव वाचकाच्या अतिरिक्त माहितीत नोंदवा. पुस्तकांची संख्या दोन्हीकडची मिळून मोजली जाते आणि त्यावर विद्यार्थी तक्रार करतात. तक्रार रास्त आहे. अशांसाठी ‘दुहेरी प्रवेश’ असा एक वेगळा वाचकप्रकार करून मर्यादा वाढवून द्या. एक अभ्यासक्रम संपला की खातं बंद न करता फक्त प्रकार आणि मूळ शाखा बदला.